आरसी बुकातलं चौथं नाव

आप्पा,

तुमची विलायती गुरुवारी माझ्या दारात आली होती. तळेगावच्या या घरात, जे तुम्ही पाहिलंच नाहीत. मी स्वयंपाकघरात गवार निवडत बसले होते आणि चौकाकडून तो आवाज आला. इतक्या वर्षांनी आला तरी मी हातातली शेंग तशीच ठेवून उठले. तुम्ही तिला कधी कंपनीच्या नावानं हाक मारली नाहीत, विलायतीच म्हणायचात, जशी काही सगळ्या लोणावळ्यात ती एकच मोटारसायकल विलायतेहून आली होती. वळणावर गिअर खाली पडला तो इतका सावकाश, की मला वाटलं हा हात तुमच्याच तालमीतला असणार. बाहेर येऊन बघते तर पुढे तीस-बत्तीस वर्षांची एक मुलगी, आणि मागे औंढ्याचे भाऊ, तुमचे लाडके शिष्य. केस पार पांढरे झालेत त्यांचे. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून देवळात बसावं तसे बसले होते.

लाडके हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. मी नववीत असताना ते पहिल्यांदा आपल्याकडे आले. औंढ्यात शेती होती, पण जीव यंत्रात. रेल्वे शेडमधली तुमची फिटरची पाळी संपायच्या आधीच ते आपल्या अंगणात येऊन उभे असायचे. तुम्ही चहासुद्धा उभ्यानं घ्यायचात आणि दोघं विलायतीच्या दोन बाजूंना उकिडवे बसायचात. मी खिडकीत. समोर भूमितीचं पुस्तक उघडं आणि कान अंगणात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं ज्या गाड्या लिलावात काढल्या त्यांतली ही एक, खंडाळ्याच्या बंगलेवाल्या शेठनं ती घेतली, मग आपल्या शेडमधल्या इंजिन ड्रायव्हरनं, आणि ते रिटायर होऊन गावी गेले तेव्हा तुम्ही, हे सगळं मी खिडकीतूनच ऐकलं आहे. सांगत होतात तुम्ही भाऊंना. मला सांगितलंत ते एवढंच, की परीक्षा जवळ आली.

एक दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. इंजिनाचं ॲल्युमिनियमचं कव्हर आईच्या शेगडीवर तापत ठेवलंय, दुधाचं पातेलं बाजूला सारलंय आणि आई कमरेवर हात ठेवून उभी आहे. कव्हर तापलं की आतलं बेअरिंग आपसूक सुटून पडतं, हातोडा मारायचा नाही, असं तुम्ही समजावता आहात. पुरेसं तापलं का ते थुंकी उडवून बघायची तुमची पद्धत. आई म्हणाली, "माझ्या ओट्यावर थुंकायचं नाही, पाणी शिंपडा." तुम्ही निमूटपणे पाणी शिंपडलंत, चुर्र झालं, भाऊंनी फडक्यानं कव्हर उचलून पाटावर हलकेच आपटलं आणि बेअरिंग टुणकन बाहेर पडलं. तुम्ही दोघं असे हसलात की काय सांगू. मी फडकं धरायला पुढे झाले होते. "भाजेल, बाजूला हो," असं म्हणालात तुम्ही. भाऊंना नाही म्हणालात.

आणि तो नट. तुम्ही शेडमध्ये होतात आणि मला वाटलं, टॅपेटचं झाकण आपण काढून ठेवू, आप्पा खूश होतील. शेजारच्या काकांचा पाना आणला. बसला तर खरा, थोडा सैल बसला, मी जोर लावला आणि नटाचे कोपरेच गेले. विलायतीच्या नटांना इंची पाने लागतात, त्यातही त्यांचं माप वेगळं, आपल्या बाजारातले मिलिमीटरचे पाने नुसते बसल्यासारखे वाटतात, हे मला कोण सांगणार होतं? तुम्ही आवाज चढवला नाहीत. "हे तुझं खेळणं नाही," एवढंच म्हणालात. पुढच्याच महिन्यात नेमकी तीच चूक भाऊंनी केली, तेव्हा तुम्ही हसून कानस काढलीत आणि गोल झालेल्या नटाला नवे कोपरे कसे पाडायचे ते त्यांचा हात धरून शिकवलंत. मी खिडकीत बसून मोजत होते. पाऊण तास.

मॅट्रिकला मला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा तुम्ही शिलाई मशीन घेतलंत. "तुला यंत्रं आवडतात ना," म्हणालात. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून राग जास्त आला. त्याच दिवाळीत भाऊंना इंची पान्यांचा अख्खा संच मिळाला, आणि तुम्ही जायच्या आदल्या वर्षी विलायतीही. "घेऊन जा, इथे गंजेल," म्हणालात त्यांना, माझ्यासमोर. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते आप्पा. चार टप्प्यांचं इंजिन फळ्यावर काढून पोरांना समजावत होते. माझ्याकडे गंजली नसती ती.

गाडी गेली, पण आरसी बुक घरातच राहिलं. आपल्याकडे जुन्या गाड्यांचं असंच चालायचं, नावावर करायला कोण जातंय. मावळात भाऊंना कोणी अडवलं नाही. आता मात्र सगळं ऑनलाइन झालंय, जुनी गाडी नोंदलेली नसेल तर रस्त्यावर काढायची सोय नाही, उचलूनच नेतात. म्हणून भाऊ आले होते. चहा घेतला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि मग म्हणाले, "ताई, आप्पांचं ते पुस्तक हाय का तुमच्याकडं? नावावर करून घ्यावं म्हनतो. तुमची सही लागंल, तुमी वारस." मी हो म्हणाले. खरंच म्हणाले. वाटलं, बरोबर आहे, इतकी वर्षं त्यांनी सांभाळली. उठून आतल्या खोलीत निघाले आणि दारात थबकून उगाच विचारलं, "तुमच्याच नावावर ना?"

"माझ्या कशाला? हिच्या, माझ्या लेकीच्या. मी शिकवली तिला, म्याट्रिकला होती तवापासनं. माझ्या हातात आता ताकद न्हाई, तीच बगती समदं."

मुलगी लाजली. चाकणला कारखान्यात इंजिनिअर आहे म्हणे. तिच्या नखांच्या कडांना काळं होतं, तुमच्या असायचं तसं, साबणानं न जाणारं.

मी आत गेले. कपाट उघडलं, पुस्तक हातात घेतलं. तीन नावं, तीन शाईंची, एकाखाली एक, शेवटचं तुमचं. त्याखाली रिकामी जागा. भाऊंचं नाव तिथे पडलं असतं तर मी सोसलं असतं, त्याची सवय होती मला. पण एका बापानं आपल्या मुलीला शिकवलं आणि त्या मुलीचं नाव तुमच्या नावाखाली येणार, हे मला सोसवेना. मला तिचा हेवा वाटला. माझ्या निम्म्या वयाच्या, जिनं माझं काही वाईट केलं नाही अशा पोरीचा. मी कपाट लावलं आणि बाहेर येऊन सांगितलं, सापडत नाही, घर बदललं तेव्हा हरवलं असणार.

भाऊंनी शंकासुद्धा घेतली नाही. "हुतं आसं," म्हणाले. हरवल्याची पोलीस तक्रार दिली की दुसरं काढून मिळतं, पण तक्रार वारसानंच द्यायची. मग मी एकदम विचारून टाकलं, "भाऊ, मला गाडी शिकवावी असं आप्पा कधी बोलले होते का?" मला बरं वाटेल असं खोटं बोलणं त्यांना सहज जमलं असतं. "न्हाई ताई," म्हणाले. "तुमच्या मार्कांचं लय सांगायचे. गाडीचं न्हाई." मग म्हणाले, "त्यांच्या ध्यानातच आलं न्हाई वो. माझ्याबी आलं नसतं. हीच मागं लागली."

मागं लागायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आप्पा.

निघताना तिनं किक मारली. आधी पेट्रोल सोडलं, कार्बोरेटरची पिन दाबून थेंब गळेपर्यंत थांबली, हँडलवरचा स्पार्कचा खटका मागे घेतला, म्हणजे किक उलटी फिरून घोटा मोडत नाही, मग पिस्टन अडेपर्यंत हलकेच दाब. प्रत्येक गोष्ट ती करायच्या आधी मी मनात म्हणत होते, एकही चुकली नाही. "घाई न्हाई करायची," भाऊ म्हणाले, अगदी तुमच्या हेलात. पहिल्या किकला सुरू झाली. मी फाटकाला धरून उभी होते. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही कधी बसला नाहीत का हिच्यावर?"

नाही, म्हटलं. तुमच्या वेळी एकाच माणसाची सीट होती, दुसरी लावली तर रूप जातं म्हणायचात तुम्ही. आईलाही कधी बसवलं नाहीत. या मुलीनं आपल्या आईसाठी मागे छोटी गादी बसवून घेतली आहे. "मग रविवारी मी येते तुम्हाला न्यायला," ती म्हणाली. "पोलीस स्टेशनला तक्रार देऊ, आणि तुम्ही म्हणत असाल तर तसेच शिरगावला जाऊन येऊ, साईबाबांच्या देवळात. रस्ता चांगला आहे." भाऊ म्हणाले, "बसा ताई, काय हुत न्हाई."

तेव्हापासून मी हे लिहिते आहे, थोडं थोडं, शाळेच्या जुन्या वहीत. पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. तुम्हाला जाब विचारायचा म्हणून बसले होते, पण जाब तर मलाच द्यायचा आहे. पुस्तक तिला द्यायचं, हे माझं ठरलं आहे. चौथं नाव तिचंच यायला हवं, आता दुसऱ्या कुणाचं तिथे शोभणार नाही. फोन करून खरं सांगायला एक मिनिट लागेल, भाऊ रागावणारही नाहीत. पण खरं सांगितलं की तक्रार नाही, आणि तक्रार नाही तर रविवारी ती मला न्यायला येईल की नाही कोण जाणे. आज शुक्रवार. मी अजून फोन केलेला नाही.