दातानं पारखलेली सरकी

चिरंजीव उकंडरावास वाशीमहून दौलतदादाचे आशीर्वाद.

मायचा खोकला बसला काय? रंगूबाईचा गुडघा कसा आहे? अन् तुझे डोळे?

माझं बरं आहे. इथं जिनिंगच्या कारखान्यात आलेला कापूस ओला की सुका, हे मी सरकी दातानं फोडून सांगतो, तुले ठाऊकच. नवा शिकलेला शालिग्राम मूठभर कापूस आधी तोलतो, मंग सुकवून पुन्हा तोलतो. मी त्याले 'वाणीबुवा' म्हणून लय चिडवलं.

औंदा माझे दात गेले. अंदाजानंच सांगून राह्यलो. काल दिसलं, मी पारखलेल्या प्रत्येक गाडीतला मूठभर कापूस तो मागून गुपचूप तोलतो. समोर म्हणतो, "काका म्हणतात तेच खरं."

आज मी सरकी हिरडीत धरून 'सुका' म्हणालो. त्यानं मान डोलावली. पोरगं भलं आहे, म्हणूनच सोसत नाही.

'तुमच्यावाचून घरी अडलं, निघून या,' असं खोटंच कार्ड लिही. ते त्याले दाखवून निघतो. लवकर लिही.