सातव्या वर्गाचं आभाळ

३ मार्च, सोमवार

आज जेवणाच्या टेबलावर आभाळाचा नकाशा! मिठाची बरणी, पाण्याचा जग, सगळं बाजूला सारलं आणि चिरंजीवांनी तो अंथरला. भाजी गार झाली. सूनबाई कौतुकाने बघतेय – नवऱ्याने आभाळ कापलं ना!

आभाळालाही वर्ग असतात म्हणे. इंग्रजी अक्षरं, ए पासून जी पर्यंत. ए मध्ये सगळं हुकमाने, विचारल्याशिवाय पंख हलवायचा नाही. तिथून उतरत उतरत सातवा वर्ग, जी. तिथे कुणी कुणाची परवानगी मागायची नाही. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघून उडायचं. माझी शाळा तिसरीत सुटली. आभाळ सातवीत गेलं आणि तिथेच वाया गेलं.

आमच्या छोट्या विमानतळावरचं आभाळ चौथ्या वर्गातलं. विमानाने आधी मनोऱ्याला विचारायचं, मनोरा सांगेल तसं यायचं. मनोऱ्यात बसते माझी नात. जन्मली तेव्हा दवाखाना डोक्यावर घेतला होता, म्हणून मी टिटवी म्हणते. आता तेरा तारखेपासून हेच आभाळ सातव्या वर्गात जाणार. कर्तबगारी तिच्या बापाची! टिटवीने त्याच खुर्चीत, त्याच काचेमागे बसायचं, पण हुकूम द्यायचा नाही. वारा असा आहे, अमका तिकडून येतोय, एवढी फक्त माहिती द्यायची. पुढे ज्याचं तो बघेल.

"आई, दिवसाला चार विमानं येतात तिथे. एवढा खर्च कशाला?"

टिटवी म्हणाली, "आणि चारही एकदमच येतात, बाबा."

लगेच नकाशाची घडी. बढतीचा वास आला की या माणसाचे कान बंद होतात.

६ मार्च

नकाशा पुन्हा टेबलावर. त्यावर तेलाचा डाग पडला. मी पाडला नाही. पुसलाही नाही.

८ मार्च, शनिवार

टिटवीला एक सवय आहे. मनोऱ्यातून हुकूम गेला की वैमानिकाने तोच परत म्हणून दाखवायचा. म्हणजे नीट पोचला हे कळतं. ती घरीही तेच करते.

"टिटवे, दार लाव."

"दार लावते, आजी."

चिरंजीव तरुणपणी त्याच मनोऱ्यात होते, तेव्हा तेही असंच म्हणायचे. दूध आण – दूध आणतो. साहेब झाले आणि नुसत्या "हं"वर आले. आता तेही बंद. सूनबाई म्हणते, मोठ्या हुद्द्याची माणसं कमी बोलतात. मला तर गुळणी धरून बसल्यासारखी दिसतात.

१३ मार्च, गुरुवार

केक कापला! वर विमानतळ काढलेला, मधोमध काळी धावपट्टी. मोठे साहेब म्हणाले, "वहिनी, पहिला तुकडा आजींना." मला धावपट्टीचा शेंडा आला. काळा रंग जिभेला चिकटला तो रात्रीपर्यंत निघेना. टाळ्या काय, फोटो काय! आभाळाला खालच्या वर्गात ढकलल्याचा एवढा आनंद करणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली.

मोठे साहेब जाताना टिटवीला म्हणाले, "आता तुमच्या डोक्याचा ताप गेला, बघा. जबाबदारीच नाही!"

ती हसली. ते हसू मी ओळखते. लहानपणी कडू औषध पाजलं की असंच हसायची.

१४ मार्च

रेडिओवर तिने आता स्वतःला 'टॉवर' म्हणायचं नाही, 'माहिती' म्हणायचं. म्हणाली, "आजी, आज तीनदा चुकले. तोंडात टॉवरच येतं." मी म्हटलं, इतक्या वर्षांची जीभ एका दिवसात कशी वळेल? तिच्या बापाला हे सुचायला नको होतं?

१९ मार्च, बुधवार

सकाळी चिरंजीव नवा कोट घालून निघाले. मोठ्या साहेबांचे पाहुणे आलेत, त्यांना मनोरा दाखवायचाय. बुटांना पॉलिश दोनदा.

दुपारी टिटवी घरी. ड्यूटी अर्धी टाकून! सरळ न्हाणीघरात. आतून नुसता पाण्याचा आवाज. मी दार वाजवलं, तर हात धूत होती. हाताला काही लागलेलं नव्हतं.

हकिगत सूनबाईने सांगितली. मागून प्रवाशांचं विमान उतरायला येत होतं आणि पुढे एक शिकाऊ पोरगं छोटं विमान घेऊन रेंगाळत होतं. टिटवीने त्याला सांगितलं, डावीकडे वळ. त्याने परत म्हणून दाखवलं, वळतो. वळला – आणि समोर पिकांवर फवारणी करणारं विमान! पोरग्याने विमान खाली दाबलं म्हणून वाचला. ते दुसरं त्याच्या डोक्यावरून गेलं. मनोऱ्यातल्या सगळ्यांनी काचेतून बघितलं.

फवारणीवाला कुणाशी बोललाच नव्हता. बोलायची गरजच काय? सातवा वर्ग! चौथ्यात असता तर आधी विचारून आला असता आणि टिटवीला तो तिथे आहे हे ठाऊक असतं.

२० मार्च

पोरगं धडधाकट आहे. हातपाय जागेवर. उडायचं नाव काढत नाही म्हणे. शहाणं आहे.

२२ मार्च, शनिवार

चौकशी. समितीत तीन माणसं, त्यात एक आमचे चिरंजीव! बापाने लेकीची चौकशी करायची! मी म्हटलं, लाज नाही वाटत? म्हणाले, "विभाग लहान आहे, आई. दुसरा माणूस नाही."

कारण तेवढं खरं असेल. पण जेवताना केवढा रुबाब! म्हणाले, "प्रश्न साधा आहे. हुकूम द्यायचा अधिकार नव्हता. तिने दिला. माहिती देऊन थांबायचं होतं."

टिटवी समोरच बसलेली. ताटातून मान वर नाही.

मी विचारलं, "तू होतास ना तिथे? तू काय बघितलंस?"

"मी पाहुण्यांशी बोलत होतो."

"पोटची पोर मेल्यासारखी बसलीय आणि तू पाहुण्यांशी बोलत होतास!"

"आई, तुला यातलं कळत नाही."

नाहीच कळत. मला तेवढं कळतं, की याने तीच खुर्ची ठेवली, तोच माईक ठेवला, पोरीच्या तोंडातला हुकूम तेवढा काढला. आणि तो एकदा चुकून निघाला, तर हाच तिला सुळावर द्यायला बसलाय. उठले आणि ताट मोरीत आदळलं. फुटलं. सूनबाईने हळहळ केली – ताटाची.

२५ मार्च

चिरंजीवांशी बोलत नाही. त्यांच्या ते लक्षातही आलेलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

टिटवीने समितीला लिहून दिलं – चूक माझी एकटीची. जुन्या सवयीने हुकूम गेला. खुर्ची निकालापर्यंत काढून घेतली. सोमवारी शेवटची बैठक. परवाना गेला तर ती आयुष्यात परत मनोऱ्यात बसणार नाही. दुसरं काही येतं कुठे तिला? शाळेपासून तेवढंच डोक्यात होतं.

मी खोलीत गेले. "हे तुला कुणी लिहायला लावलं?"

"कुणी नाही, आजी."

"भांड ना त्यांच्याशी! सांग ना, आभाळ बदललंत तेव्हा मला कुणी विचारलं होतं का?"

"हुकूम माझ्याच तोंडून गेला ना?"

"गेला. मग बापाची पालखी का वाहतेस? त्याच्या बढतीसाठी?"

काहीतरी बोलायला गेली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली. मी रागाने म्हटलं, "उद्या जाऊन ते लिहिलेलं परत घे." तिने परत म्हणून दाखवलं नाही. पहिल्यांदाच.

बाहेर चिरंजीव उभे होते. दाराशीच. ऐकत होते की काय देव जाणे. मी वाटेतून बाजूला झाले नाही. मी म्हटलं, "केक उरलाय का रे अजून?"

जेवले नाहीत. नाटकं.

३० मार्च

परत जेवले नाहीत. सूनबाई म्हणते पित्त झालंय. असेल. मनोऱ्यातल्यासारखे खिडकीशी उभे राहून आभाळ बघत बसतात. आता काय बघतायत? कापून झालंय ना!

३१ मार्च, सोमवार

टिटवी बैठकीतून आली आणि माझ्या शेजारी बसली. म्हणाली, बाबा समितीच्या खुर्चीतून उठले आणि माझ्या बाजूला येऊन बसले. मोठ्या साहेबांना म्हणाले, 'हुकूम माझा होता. पाहुणे बघत होते, मागून मीच ओरडलो – डावीकडे वळव त्याला! मी आखलेला वर्ग मीच विसरलो. तिने मला परत म्हणूनही दाखवलं होतं – वळवते, बाबा.'

टिटवीला खुर्ची परत मिळेल का, ते ठरलेलं नाही. त्याची बढती गेली, ते तिथेच ठरलं.

संध्याकाळी आला. कोट हातात. दारातच उभा.

मी म्हटलं, "हात धू. जेवायला बस."

"हात धुतो, आई," तो म्हणाला. "जेवायला बसतो."