पुसून टाकलेला क्लेम

तीर्थस्वरूप काकांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा करतो. इकडे सगळे ठणठणीत आहेत. फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्या, जबाबदार आहे.

झालं असं, की रविवारी दुकान बंद असताना वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा नळ फुटला आणि सगळं पाणी माझ्या शिलाईच्या दुकानात उतरलं. गिऱ्हाइकांचे कोट भिजले, मशीन बंद पडलं. मी म्हटलं, विमा आहे, घाबरायचं काय? (हप्ते भरताना मी कधी तोंड वाकडं केलं नाही, हे लक्षात घ्या.) कंपनीचा सर्व्हेअर पाहणीला येणार हे कळताच आत्याने कंबर कसली. साहेबांना असला उकिरडा दाखवायचा का, म्हणे. मी बाजारात गेलो होतो तेवढ्यात तिने फरशी पुसली, कोट वाळवून इस्त्री केले आणि मशीन असं चकचकीत केलं की मलाच ते ओळखू येईना.

सर्व्हेअर आला, चहा प्याला आणि विचारता झाला, नुकसान कुठे आहे? मग मलाच शिकवायला लागला. आगीचा क्लेम असेल तर जळकं दिसलं पाहिजे, चोरीचा असेल तर तुटलेलं कुलूप आणि पोलिसांचा कागद हवा, पाण्याचा असेल तर ओल हवी. डॉक्टरांच्या नळाने झालेलं नुकसान त्यांच्या पॉलिसीतून मागता येतं, पण तेही आधी दिसायला हवं. तुमचा यातला कुठला? काय सांगणार, कप्पाळ! वर आत्या त्याला विचारते, दुकान आवडलं ना? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नवीन मशीन घ्यायची माझी ऐपत नाही, काका, आणि मशीनशिवाय दुकानाला कुलूपच लावावं लागेल.

हातापाया पडून दुसरी पाहणी मिळवली आहे. मोटर खोलली की आतलं पाणी दिसेल. तेवढाच पुरावा उरलाय.

काकूंना नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. : पत्राचं खरं कारण. सर्व्हेअर बुधवारी येतोय. तोवर आत्याला तुमच्याकडे बोलावून घ्या. गुडघ्याचं निमित्त सांगा, हवं तर थोडं कण्हा.

ता. क. दुसरा : कण्हू नका. साहेबांना पुन्हा हेलपाटा पडतोय याचं आत्याला फार वाईट वाटलं, म्हणून आज तिने मोटर खोलून, आतून पुसून उन्हात वाळवली. मशीन सुरू झालंय, पूर्वीपेक्षा बरं चालतंय. आता मी चिडू कुणावर, तेवढं कळवा.