जवळचं माणूस

प्रिय लेकी,

आशीर्वाद नंतर. आधी रागावून घेते, कारण परवापासून दातओठ खात भांडी घासतेय आणि त्यात दोन कप फुटले.

तुझा धाकटा भाऊ तुरुंगाऐवजी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतोय, हे तुला माहीत आहे. मुकादमाचं डोकं फोडल्याची शिक्षा. त्याची बाजू मी तेव्हा घेतली नाही, आजही घेत नाही. पण इतक्या महिन्यांत त्याने एक पाळी चुकवलेली नाही. वाफेने हात सोलून निघालेत, तोंडातून ब्र नाही.

त्याच्यावर देखरेख ठेवायला कोर्टाने नेमलेल्या बाई अधूनमधून अंदाज बांधतात, हा पुन्हा कुणाचं डोकं फोडेल का. दारू, काम, सोबती, घरची माणसं, सगळ्याला गुण देतात. शाळेत गुण वाढले की शाबासकी, इथे वाढले की तुरुंग. दारूचे शून्य, कामाचे शून्य. म्हटलं, माझा लेक जन्मात पहिल्यांदा शून्य मिळवून पास होणार! मग बाईंनी विचारलं, तुझ्या सगळ्यांत जवळचं कोण? रोज माझ्या हातचं गिळणाऱ्या त्या गाढवाने तुझं नाव सांगितलं. म्हणे, आई नुसती माया करते, ताई मला ओळखते.

आणि बाईंचा फोन आल्यावर ताईने काय केलं? सासरची माणसं समोर बसली होती म्हणून, मला भाऊच नाही, असं सांगून फोन ठेवला. अगं, उठून आत जायला पाय मोडले होते का? बाईंनी नियमाप्रमाणे लिहिलं, सगळ्यांत जवळच्या माणसाने संबंध तोडले, धोका जास्त. त्याने कुणाला बोटही लावलं नाही आणि तो जास्त धोक्याचा झाला! मी बाईंशी कडाडून भांडले. त्या म्हणाल्या, आजी, ज्याचं सगळ्यांत जवळचं माणूसच वाट बघत नाही, त्याला सांभाळायला काही उरत नाही. ते खरं होतं, म्हणून मी आणखी भांडले.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. त्याला आत पाठवायचं की नाही, ते या आठवड्यात ठरेल. बाई गुरुवारी दुपारी तुला पुन्हा फोन करतील, एवढं मी हातापाया पडून मिळवलंय. तू काय बोललीस, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. ताईचा नंबर बदलला असेल, असं तोच मला समजावतो. खोटी स्तुती करू नकोस. तापट आहे म्हण, डोकं फिरलं की कुणाचं ऐकत नाही म्हण. फक्त तो माझा भाऊ आहे, इथून सुरुवात कर. सासरचे समोर बसले असतील, तर त्यांच्यासमोरच कर.

अजून तरी तुझीच,
आई