चौथ्या खांबाची जागा

१ नोव्हेंबर १९७६, सोमवार. पन्हाळा.

दुपारच्या एसटीनं पोचले. चढावर गाडी इतकी हळू चालली होती की उतरून चालत जावं असं वाटत होतं, तरी मन आज हलकं होतं. बंगला गावाच्या अगदी टोकाला, नवा, पांढरा. मागचं दार उघडलं की पाच-सहा पावलांवर सपाटी संपते आणि उतार सुरू होतो. खाली दरी, त्यापलीकडे उसाचे हिरवे तुकडे.

आक्का दारातच बसल्या होत्या. दोन्ही गुडघे धरलेले. काठीनं चालतात, पण एकदा बसल्या की कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नाही. त्यासाठीच मला सोबतीला ठेवलं आहे. मला बघून म्हणाल्या, एवढीशी काटकुळी पोर, मी पडलो तर ही मला उचलणार का मी हिला? आणि स्वतःच खोकेपर्यंत हसल्या. त्यांचा मुलगा सयाजीराव शिरोलीला फाउंड्रीत असतो, रविवारी येतो. बायडाबाई सकाळी धुणंभांडी करून जाते. बाकी वेळ आम्ही दोघीच.

खिडकीत अब्बांची सुतारकामाची पेटी ठेवली. पाणसळ, ओळंबा, फूटपट्टी. लहानपणी सारखी आजारी असायची म्हणून पाच वर्षं शाळा घरातच झाली. अब्बा रंधा मारता मारता शिकवायचे. अक्षरं मी सुताराच्या पेन्सिलीनं फळीवर गिरवली आणि भागाकार वाशांवर शिकले. ते गेल्यावर गौस म्हणाला, पेटी विकून टाकू. धाकटा भाऊ असून त्याच्याशी पहिल्यांदा भांडले.

७ नोव्हेंबर, रविवार.

आक्कांना दरी बघत बसायची हौस आहे, पण उतारावर खुर्ची टेकत नाही. सयाजीरावांनी एका मासिकातलं चित्र आणलं. परदेशी घरामागचा लाकडी ओटा, टप्प्याटप्प्यानं खाली उतरत गेलेला. त्याला डेक म्हणतात म्हणाले. आक्का म्हणाल्या, डेक-बिक कशाला, माच म्हण की सरळ.

मला राहवलं नाही. कागदावर आखून दाखवलं. तीन टप्पे. पहिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, दुसरा त्याहून फूटभर खाली, तिसरा आणखी फूटभर खाली, उतारावर पुढे गेलेला. मधल्या पायऱ्या चार-चार इंचांच्या, आक्कांच्या गुडघ्यांना झेपतील अशा. सयाजीरावांनी कागद उचलून एकेक माप विचारलं. मग म्हणाले, काम तुमच्याच देखरेखीखाली होऊ द्या.

रात्री उठून मापं पुन्हा मांडली. आनंदानं की धास्तीनं, कळेना. माझं माप चुकलं तर आक्का दरीत जातील.

२० नोव्हेंबर, शनिवार.

वरचे दोन टप्पे झाले. पाणसळ कुठंही ठेवली तरी बुडबुडा मध्यावर, म्हणजे फळ्या अगदी समपातळीत. पिराजी मिस्त्रींचा हात चांगला आहे, तोंड मात्र तिखट. मला ‘सायबीण’ म्हणतात.

आज तिसऱ्या टप्प्यावरून वाद झाला. चार कोपऱ्यांना चार खड्डे, कमरेइतके खोल. तीन खांब बसले. चौथा, दरीकडच्या कोपऱ्याचा, उभा चिरलेला निघाला. मी तो घेऊ दिला नाही. नवा कोल्हापूरच्या वखारीतून यायला पंधरा दिवस तरी लागतील. पिराजी म्हणाले, मग खड्ड्यात धोंडा टाकतो. खड्डा खांबासाठी खणला की तो रात्रभर रिकामा ठेवत नाहीत, कोण ना कोण येऊन उभं राहतं. मी नको म्हटलं. तळ मी स्वतः उभी राहून चोपून घेतला होता. धोंड्यानं तो फुटला असता आणि खोली बिघडली असती. ते तंबाखू थुंकून म्हणाले, तुमचं वडील मिस्त्री हुतं न्हवं? त्यांनी एवढं बी शिकवलं न्हाय व्हय?

फार लागलं. पण मी ऐकलं नाही.

त्यांनी खड्ड्याशेजारी तात्पुरता टेकू लावून फळ्या ठोकल्या आणि संध्याकाळी वारणानगरला लेकीकडे गेले.

२४ नोव्हेंबर, बुधवार.

सकाळी पाणसळ घेऊन गेले तर टेकू खाली पडलेला. चौथ्या कोपऱ्याखाली काहीच नव्हतं. कोपरा खचायला हवा होता. बुडबुडा मध्यावर.

मी त्यावर बसले. मग उडी मारली. आयुष्यात कधी उड्या मारल्या नव्हत्या. केसभरही हलला नाही.

हिशेब मांडला. नुसत्या तुळयांवर तो कोपरा आक्कांच्या खुर्चीसकट तोलला जाणं शक्य नाही. तीनदा मांडला. टेकू परत लावला. आक्कांना म्हटलं, तिथं बसू नका. त्या म्हणाल्या, तितंच तर बरं वाटतंय पोरी, खालनं ऊब येती.

२५ नोव्हेंबर, गुरुवार.

टेकू पुन्हा काढलेला. पडलेला नाही. भिंतीलगत नीट आडवा ठेवलेला.

२८ नोव्हेंबर, रविवार.

सयाजीरावांना सगळं सांगितलं. धोंडा मी टाकू दिला नाही, हेही. ते बुटांसकट त्या कोपऱ्यावर थडाथडा नाचले, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, सलिमाबाई, काम एवढं चोख झालंय की तुमचं तुम्हालाच पटंना! आक्काही हसल्या. मायलेकांनी तिथंच चहा घेतला. खांब पुढच्या रविवारी आणतो म्हणाले.

ते नाचत होते तेव्हा माझा हात फळीवर होता. फळी थरथरत होती. डोक्यावर मोठा भारा घेऊन फार वेळ उभ्या असलेल्या बाईचे हात थरथरतात, तशी. हे कुणाला सांगू?

३० नोव्हेंबर, मंगळवार.

आक्का दुपारच्या झोपल्या की मी त्या कोपऱ्यावर जाऊन बसते. फळीवर तळवा ठेवला की थरथर थांबते. आज बोलले. अब्बांचं आजारपण, गौसच्या घरातला माझा कोपरा, आणि मी आल्यापासून कुणी मला पत्रसुद्धा— खूप बोलले. महिनाभरात इतका वेळ माझं कुणी ऐकलं नव्हतं.

नंतर लाज वाटली. भीतीही. कारण उठताना वाटलं, आपण उठलेलं त्याला आवडलं नाही.

२ डिसेंबर, गुरुवार.

ईदला ये म्हणून गौसचं पत्र येईल वाटलं होतं. नाही आलं.

लख्ख उन्हात खाली उतरून खड्ड्यात बघितलं. खड्डा रिकामा. पण चोपलेल्या तळावर दोन पावलं उमटली आहेत. अनवाणी, बोटं फाकलेली, भारानं फाकतात तशी. वर काही नाही. नुसती पावलं.

मी बघत असतानाच ती आणखी खोल गेली.

३ डिसेंबर, शुक्रवार.

पिराजी म्हणाले होते तसा धोंडा टाकला. मोठा. पडल्याचा आवाज आला नाही.

संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होता. धुऊन ठेवलेला.

सयाजीरावांना तार करायला पोस्टात जायला हवं. आक्कांना एकटं सोडून कशी जाऊ? बायडाबाई मागच्या वाटेनं घरी जाताना दिसली, तिला सांगितलं, उद्या लवकर ये. ती त्या कोपऱ्याकडे बघत होती. पदर सावरून घाईनं निघून गेली.

४ डिसेंबर, शनिवार. सकाळ.

धुकं. बायडाबाई आली नाही.

आक्कांच्या खोलीत गेले तर आक्का नाहीत. उंच पलंगावरून उतरून, काठी टेकत स्वतःच गेल्या आहेत. तिथंच बसल्या आहेत, दरीकडे तोंड करून. शाल घ्यायला आत आले आहे, वही कमरेला खोचून नेते, पोस्टात जायचंच आहे—

—

करकर झाली. कोपरा बोटभर खाली. खुर्ची दरीकडे सरकली. दोन्ही हातांनी ओढलं, आक्का उठेनात. मला उचलता येईनात. आणखी बोटभर. ते दमलंय. सोडतंय.

खाली आले. तुळईला खांदा दिला. पाय ठेवायला दुसरी जागा नाही, खड्ड्यातच. पावलांवर पावलं बसली. बरोबर बसली.

कोपरा थांबला. आक्का वाचल्या.

उजवा हात मोकळा आहे. वही तुळईला टेकवून लिहिते आहे. कुणी येईपर्यंत जागं राहायला हवं. बायडाबाई येईल. नाहीतर उद्या सयाजीराव—

ऊब गेली.

काहीतरी माझ्या जवळून गेलं. वर गेलं. छोट्या पायऱ्यांवर पावलं वाजली, सावकाश. किती तरी दिवसांनी चालतंय तसं.

स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज. बायडाबाई? नाही, तिला स्टोव्ह पेटवता—

कपबशी वाजली. आक्का वर म्हणाल्या, आलं घातलंस व्हय पोरी? बरं केलंस.

हाक मारली. आक्का, मी खाली आहे. पुन्हा मारली.

आक्कांनी विचारलं, खाली कोण बोलतंय गं?

आणि माझा आवाज, माझाच, वरून म्हणाला, कोण न्हाय आक्का. खांब करकरतोय.

आक्का उठत का नाहीत. त्या उठल्या तर मी सुटेन. मी आत्ता हलले तर त्या—

खांद्यावरचा भार वाढला. वर आता दोघी