डाव्या कोपऱ्याची जागा

मंगळवार, संध्याकाळ

वाडीच्या कबड्डी संघातली माझी डाव्या कोपऱ्याची जागा गेली. मी चार महिने गोव्यात भटकत होतो, तेवढ्यात यांनी चिपळूणचा एकजण आणला. बरोबरच आहे म्हणा. चढाई करणारे पाच, आणि पाय धरणारा एकही नाही, असं कसं चालेल? पण साखळी करताना माझा हात धरणारा बाबू आज त्याचा हात धरून उभा होता. तो हातच सारखा दिसतोय. गोव्यात काय मिळालं मला? जाऊ दे.

खेळ संपल्यावर कप्तान दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "मेल्या, स्पर्धेपर्यंत राहणार असशील तर बोल. तुलाच घेतो."

"राहतो," मी म्हटलं.

"गणपतीतपण हेच बोलला होतास," बाबू म्हणाला.

सगळे हसले. मीपण हसलो. पण आज मी खरं बोलत होतो.