रविवारच्या प्रार्थनेतील एक ओळ

चौक, उत्तन
बुधवार, दि. १९ नोव्हेंबर

चिरंजीव सेलीन हिला इग्नेशियसचे आशीर्वाद.

येथे सर्वांची प्रकृती बरी आहे. तू मस्कतहून पाठविलेले मलम मिळाले. गुडघ्यांनी त्याची अद्याप दखल घेतलेली नाही. मागील दारावरचा पत्रा बदलून घेतला. बोंबील चांगले मिळत असून किनाऱ्यावर वाळवणीच्या काठ्या भरलेल्या आहेत. मेल्रॉयच्या मराठीच्या चाचणीत मी चार चुका दाखविल्या, तेव्हा तुझे चिरंजीव म्हणाले, "बाईला न्हाय दिसल्या, तुलाच बऱ्या दिसल्या!" बऱ्याच दिवसांनी उलट उत्तर दिले, म्हणून मी रागावलो नाही.

हे सारे दूरध्वनीवर सांगता आले असते. परंतु तू बोलतेस तेव्हा तो फोनच्या पडद्यासमोर बसलेला असतो. तुझी तिकडची मैत्रीण सुचेता सुट्टी संपवून उद्या मस्कतला परत निघत आहे. पत्र तिच्या हाती देत आहे.

दसऱ्याच्या सुट्टीतील वादळात आपल्या डेनिसची बोट उलटली, तेव्हापासून त्या वादळातून वाचलेल्या मेल्रॉयसह गावातील पाच मुलांसाठी स्वप्नालीबाई दर मंगळवारी बेव्हर्ली पार्कहून येतात, हे तुला ठाऊक आहे. आपत्तीतून वाचलेल्या मुलांवर मानसिक उपचार करणे हा त्यांचा व्यवसाय. सभागृहातील खुर्च्यांवर मुले गप्प बसत, म्हणून त्यांनी सर्वांना किनाऱ्यावर नेऊन फाटकी जाळी विणायला बसविले. हात गुंतले की तोंड मोकळे होते, असे त्यांचे म्हणणे. निवृत्त मुख्याध्यापक या नात्याने मी हरकत घेतली.

"बाई, हा उपचार आहे की हस्तव्यवसायाचा तास?"

"सर, तुम्ही फक्त बसा. चुका काढू नका."

"आणि जाळ्यात चूक राहिली तर?"

"ती मासे काढतील."

मुले हसली. मेल्रॉयही हसला. मी छत्री घेऊन दूर बसलो.

आता रविवारविषयी. मेल्रॉय वेदीसेवक आहे आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थना मी वाचतो. देवळात उच्चार स्पष्ट असणारे दुसरे कोणी नाही. तुझ्या इच्छेनुसार, आणि माझ्याही, त्यांत एक ओळ असते: "समुद्रात बेपत्ता झालेल्या डेनिसच्या सुखरूप परतण्यासाठी आपण प्रार्थना करू या." पहिल्या रविवारी त्या ओळीनंतर मेल्रॉयच्या हातून घंटा पडली. पुढच्या रविवारी त्याला घेरी आली. नंतर तो वस्त्रे ठेवण्याच्या खोलीत जाऊन ओकला. रिकामे पोट आणि धुपाचा धूर, असे निदान मी केले. मिस्सासाठी देवळात जाण्यापूर्वी दूध देऊ लागलो. ते दूधही ओकला.

काल त्याने बाईंना सांगून मला जवळ बोलावले. जाळे मांडीवर होते. मान खाली घालून तो बोलला. त्याचे शब्द मी जसेच्या तसे लिहितो.

"आजोबा, तू ते वाचू नको. पप्पानं मना डिझेलच्या रिकाम्या डरमाला बांधला. त्यो नुसता धरून होता. मंग बोलायचा थांबला. मी हाका मारल्या. त्याचा हात गार झाला, आन सुटला. मी बघितला. त्यो येनार न्हाय."

"मग आधी का नाही सांगितलेस?"

"मम्मी रोज फोनवर बोलते, पप्पा येतील. तू देवलात मोठ्यानं वाचतंस. मी कसा सांगू?"

बचावकार्य करणाऱ्यांना त्याने काही दिसले नाही असे सांगितले होते. आपण सर्वांनी ते मान्य केले, कारण ते आपल्याला हवे होते.

मी बाईंना बाजूला नेऊन विचारले, की अकरा वर्षांच्या मुलाची समजूत चुकीची असू शकते काय. त्या म्हणाल्या, "सर, तो तुम्हा दोघांना सांभाळतोय. आणि त्यातच आजारी पडतोय. शंका असेल तर त्यालाच विचारा." मी पुन्हा विचारले नाही. शंका नव्हती.

डेनिसच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा सांगितलात तर या घरात पाऊल ठेवणार नाही, असे तू म्हणाली होतीस. मी तो सांगितलेला नाही. तो अधिकार पत्नीचा आहे आणि तू म्हणशील तोपर्यंत मी थांबेन. परंतु येत्या रविवारपासून ती ओळ मी वाचणार नाही. फादरांना आज तसे कळविले आहे. तुझी परवानगी मी घेतली नाही, कारण तू नकार दिला असतास तरी मी वाचली नसती.

शनिवारी फोन करशील तेव्हा प्रार्थनेने सुरुवात करू नकोस. पाण्यात काय झाले, एवढेच त्याला विचार. तो अडखळत सांगेल. मध्ये बोलू नकोस. रडू आले तर त्याच्यासमोर रड, फोन बंद करून नको. तू परदेशात एकटी रडशील, याचेच त्याला भय आहे. त्या दिवशी तुझ्या खोलीवर राहण्याचे सुचेताने कबूल केले आहे.

मी शेजारच्या खोलीत असेन. त्याने बोलावले तरच आत जाईन.

हे वाचण्याचे बळ प्रभू तुला देवो. मला लिहिण्यापुरते त्याने दिले.

दिवंगत डेनिसचा पिता,
इग्नेशियस